समाधान मोजायचे असेल तर थांब्यावर येऊन मोजा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुंबईत ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये आणि वातानुकूलित बसचे ६ रुपयांवरून १२ रुपये झाले. पाठोपाठ १ जूनपासून पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये पीएमपीएमएलनेही किमान भाडे १० रुपयांवर नेले. इंधन, पगार आणि देखभाल यांचा खर्च वाढला आहे, दरवर्षीची तूट महापालिकांना जड जाते आहे, ही कारणे खोटी नव्हती. आणि बेस्टने जुलै २०१९ मध्ये भाडे चक्क कमी केले होते, हेही विसरून चालणार नाही. त्यामुळे भाडे का वाढवले, असा या पत्राचा रोख नाही. किमान भाडे दुप्पट करताना त्या बदल्यात प्रवाशाच्या पदरात नेमके काय पडणार, आणि ते पडले की नाही हे कोणत्या मापाने तपासणार, याचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात कुठेच आला नाही. मला लिहायचे आहे ते या मापाविषयी.

शहर बससेवेच्या कारभाराचे जे आकडे वर्तमानपत्रांतून आपल्यासमोर येतात ते बहुतेक सगळे आगाराच्या फाटकातून पाहिलेले असतात. दिवसाचे उत्पन्न किती, गाड्या किती किलोमीटर धावल्या, रस्त्यात किती बंद पडल्या, ताफ्यात नव्या किती आल्या, हे आपल्याला कळते. सणासुदीला एका दिवसात विक्रमी उत्पन्न झाले की त्याची वेगळी बातमीही होते. हे आकडे निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण विक्रमी उत्पन्नाच्या त्या दिवशी किती जण गाडीच्या पायरीवर लोंबकळत गेले आणि किती जण थांब्यावरच राहिले, हे त्या बातमीत नसते. प्रवाशाच्या बाजूने म्हणून जो आकडा अधूनमधून दिला जातो तो ‘प्रवासी समाधाना’चा. सर्वेक्षण होते, शेकडा अमुक प्रवासी सेवेबाबत समाधानी असल्याचे जाहीर होते आणि विषय तिथे मिटतो.

अशा एका सर्वेक्षणात मी स्वतः सापडलो होतो. शहराचे किंवा उपक्रमाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण प्रश्नपत्रिका सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असते. दुपारी दोनच्या सुमाराची, निम्मी रिकामी गाडी होती आणि हातात टॅब घेतलेली एक महाविद्यालयीन मुलगी आसनाआसनापाशी जाऊन विचारत होती. आसने स्वच्छ आहेत का, वाहकाचे वर्तन कसे आहे, चालक गाडी नीट चालवतो का, अशा प्रश्नांना एक ते पाच गुण द्यायचे होते. माझ्या शेजारी एक मावशी होत्या. दोन घरची धुणीभांडी उरकून तिसऱ्या घरी निघालेल्या. त्यांनी सगळे प्रश्न ऐकूनही घेतले नाहीत. “सगळीकडे पाचच लिही गं बाई. गाडी मिळाली, बसायला मिळालं, आणखी काय पाहिजे?” मुलीने पाच लिहिले आणि ती पुढच्या आसनाकडे गेली. मग मावशींनीच मला सांगितले की सकाळी दोन गाड्या थांब्यावर न थांबता भरून गेल्या, कामाला उशीर झाला तर बोलणी खावी लागतात म्हणून शेअर रिक्षाला तीस रुपये मोजावे लागले. टॅबमध्ये त्यासाठी रकाना नव्हता, आणि असता तरी दुपारच्या गाडीत बसलेल्या बाईला सकाळच्या गाडीबद्दल कोण विचारणार होते?

या पद्धतीत दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे, गाडीत बसून प्रश्न विचारले की ज्यांना गाडी मिळाली तेच उत्तर देतात. वाट पाहून कंटाळून रिक्षात बसलेला, दोन वर्षांपूर्वी हप्त्यावर दुचाकी घेऊन बसचा नाद सोडलेला, रात्री साडेनऊनंतर फेरीचा भरवसा नाही म्हणून दुसऱ्या पाळीची नोकरीच नाकारलेली स्त्री, यांपैकी कोणीही त्या नमुन्यात येत नाही. सेवा जितकी बिघडेल तितके नाराज प्रवासी गाडीतून गळत जातील आणि उरलेल्यांचे समाधान कागदावर वाढत जाईल. दुसरी खोट मावशींच्या उत्तरात आहे. वर्षानुवर्षे कमी मिळत गेले की माणसाची अपेक्षाही तेवढीच खाली येते, आणि त्या खाली आलेल्या अपेक्षेला दिलेले पाच गुण आपण सेवेच्या दर्जाचे म्हणून मोजतो.

सार्वजनिक प्रवासी वाहतुकीच्या गुणवत्तेसाठी युरोपात २००२ साली ईएन १३८१६ हे मानक आले. त्यात उपलब्धता, सुगम्यता, माहिती, वेळ, प्रवाशाची काळजी, सुखसोय, सुरक्षितता आणि पर्यावरणावरील परिणाम असे आठ निकष आहेत. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात गुणवत्तेचे चार वेगळे चेहरे मानले आहेत. प्रवाशाला हवी असलेली गुणवत्ता, सेवा देणाऱ्याने ठरवलेली, प्रत्यक्षात दिली गेलेली आणि प्रवाशाला जाणवलेली. आपण फक्त चौथी विचारतो, तीही अर्ध्याच लोकांना. तिसरी, म्हणजे प्रत्यक्षात काय दिले, हे मोजायला कोणाच्या मताची गरजच नसते, घड्याळ पुरते.

युरोपचे नाव काढले की ‘तिकडचे वेगळे’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणून आपल्याच केंद्र सरकारचे उदाहरण देतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्ये शहरी वाहतुकीसाठी सेवापातळीचे मापदंड ठरवून दिले. त्यात प्रवाशाला थांब्यावर सरासरी किती वाट पाहावी लागते हा एक निकष आहे: चार मिनिटांपर्यंत असेल तर पहिली पातळी, चार ते सहा मिनिटे म्हणजे दुसरी, सहा ते दहा म्हणजे तिसरी आणि दहाच्या वर गेली की शेवटची, चौथी. गर्दीसाठी दर आसनामागे दीड प्रवाशांपर्यंत पहिली पातळी आणि अडीचच्या वर चौथी. बसगाड्यांच्या संख्येसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक गाड्या असल्या तर पहिली पातळी. या हिशेबाने २०११ च्या जनगणनेतील बृहन्मुंबईच्या सव्वा कोटीच्या आतबाहेरच्या लोकसंख्येला सुमारे साडेसात हजार बस लागतात. लोकलमुळे मुंबईचा हिशेब वेगळा मांडावा लागेल हे मान्य केले, तरी बेस्टकडे आज स्वतःच्या आणि भाडेतत्त्वावरच्या मिळून याच्या निम्म्याही गाड्या नाहीत, आणि २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात ज्या ३,३३७ स्वमालकीच्या गाड्या राखण्याचे ठरले होते त्यांची संख्या काही शेकड्यांवर आली आहे. १९२६ साली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली त्या संस्थेची ही अवस्था वाचताना माझ्यासारख्याला वाईट वाटते, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

गाड्या कमी आहेत हे सर्वांना दिसते. जे दिसत नाही, आणि म्हणून ज्याची बैठकीत चर्चा होत नाही, ते असे की आहेत त्या गाड्याही प्रवाशाच्या दृष्टीने निम्म्या होऊन जातात. एखाद्या मार्गावर तासाला सहा फेऱ्या आहेत असे समजा. त्या दर दहा मिनिटांनी आल्या तर केव्हाही थांब्यावर पोचलेल्या प्रवाशाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल. त्याच सहा गाड्या दोन-दोनच्या जोडीने वीस मिनिटांनी आल्या तर सरासरी दहा मिनिटे. आगाराच्या नोंदवहीत काहीच बदलले नाही. फेऱ्या तितक्याच, किलोमीटर तितकेच, डिझेल तितकेच. प्रवाशाची वाट पाहण्याची वेळ मात्र दुप्पट झाली आणि केंद्राच्या त्या मापदंडात तो मार्ग दुसऱ्या पातळीवरून थेट चौथीच्या उंबरठ्यावर गेला.

रोज बसने जाणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही. अर्धा तास काही नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या तीन गाड्या रांगेने, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे आणि त्यावर चालकांना दूषणेही दिली आहेत. दोष बहुधा चालकाचा नसतो. पुढची गाडी सिग्नलला किंवा एखाद्या चौकात अडकून चार मिनिटे मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे साचलेली असतात, ती चढवायला आणखी वेळ जातो, ती आणखी मागे पडते. मागच्या गाडीला माणसेच उरत नाहीत, ती भराभर पुढे येऊन पहिलीला गाठते. मार्गाच्या मध्यावर नियंत्रक उभा असेल आणि त्याला मागची गाडी दोन-तीन मिनिटे रोखून धरण्याचा अधिकार असेल तर हे बऱ्याच अंशी आवरते. हे पद बऱ्याच ठिकाणी खर्चकपातीत पहिल्यांदा गेले आहे, किंवा असलेच तर नियंत्रक फेऱ्यांची नोंद करण्यापुरता उरला आहे.

गर्दीच्या आकड्याचेही असेच आहे. जोडीने आलेल्या दोन गाड्यांपैकी पहिलीत ८० माणसे आणि दुसरीत १० असतील, आणि प्रत्येकीत ४० आसने असतील, तर सरासरी ४५ येते. म्हणजे दर आसनामागे एकाहून किंचित जास्त प्रवासी, मापदंडाप्रमाणे पहिली पातळी, कोणाची तक्रार असायचे कारण नाही. प्रत्यक्षात नव्वदांपैकी ऐंशी जण दुप्पट भरलेल्या गाडीतून, एका पायावर, कोणाच्या तरी पिशवीचा बंद मानेवर घेऊन गेलेले असतात. सरासरी गाड्यांची न काढता माणसांची काढली असती तर हे लगेच कळले असते.

रस्त्यावरची कोंडी हा उपक्रमाच्या हातातला विषय नाही, असे यावर उत्तर येते आणि ते निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे महापालिकेच्या हातात असते. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिकेचा देशातील पहिला प्रयोग झाला. त्यात उणिवा पुष्कळ होत्या. पुढे तयार झालेल्या नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा काही भाग अलीकडे काढूनही टाकण्यात आला. त्या निर्णयाच्या वेळी मोटारींच्या कोंडीविषयी जेवढे बोलले गेले त्याच्या पावपटही बसमधल्या माणसाच्या मिनिटांविषयी बोलले गेल्याचे मला आठवत नाही. ती मिनिटे कोणी मोजतच नसल्यामुळे त्यांची बाजू मांडायला कोणाच्या हातात कागद नव्हता.

आता कंत्राटांविषयी. राज्यातील मोठ्या शहरांत आज धावणाऱ्या गाड्यांचा मोठा हिस्सा खासगी कंत्राटदारांचा आहे आणि त्यांना पैसे मिळतात ते प्रामुख्याने धावलेल्या किलोमीटरमागे. खासगी गाडी वाईटच असते असे माझे मत नाही; प्रवाशाला गाडीच्या मालकाशी कर्तव्य नसते. पण ज्याला किलोमीटरचे पैसे मिळतात तो किलोमीटर पुरे करणार. तीन गाड्या एकामागे एक धावल्या तरी किलोमीटर भरतात, थांब्यावर न थांबता गेली तरी भरतात, दुपारी रिकाम्या रस्त्यावर भरभर फेऱ्या मारल्या तरी भरतात. लंडनमध्येही बस खासगी कंपन्याच चालवतात आणि तिकिटाचे पैसे सरकारी संस्थेकडे जातात. मात्र २००१ पासून तिथल्या कंत्राटांत बक्षीस आणि कपात या दोन्ही गोष्टी प्रवाशाच्या प्रतीक्षेशी जोडलेल्या आहेत. ज्या मार्गावर तासाला पाच किंवा अधिक गाड्या आहेत तिथे वेळापत्रक पाळले का, हे विचारतच नाहीत. गाड्या समान अंतराने आल्या असत्या तर जेवढे थांबावे लागले असते त्याहून प्रवाशाला सरासरी किती जास्त थांबावे लागले, तेवढेच पाहतात. सध्याची आपली कंत्राटे मुदत संपून नव्याने निघतील तेव्हा हे कलम त्यात घालणे अवघड नाही. कंत्राटदाराला दंड करायची तरतूद आजही असतेच, पण ती काच फुटली, गणवेश नव्हता, फलक चुकीचा होता, असल्या गोष्टींसाठी जास्त.

हे मोजायला नवी यंत्रणा लागेल, निधी लागेल, असा आक्षेप येण्याआधीच सांगतो की यंत्रणा आलेली आहे आणि तिचे पैसेही आपण भरलेले आहेत. गाड्यांत जीपीएस आहे. कोणती गाडी कोणत्या थांब्यावर किती वाजता होती हे नियंत्रण कक्षात नोंदले जाते. वाहकाच्या हातातल्या यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक तिकिटावर चढण्याचा थांबा आणि वेळ असते. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर कोणत्या मार्गावर, कोणत्या तासाला, प्रवासी सरासरी किती थांबले आणि किती दाटीतून गेले, हे महिन्याच्या महिन्याला काढता येईल. ही माहिती आज मोबाइलवरच्या अ‍ॅपपुरती वापरली जाते, म्हणजे गाडी उशिरा येते आहे एवढे प्रवाशाला वेळेवर कळते.

छोट्या अंतराच्या प्रवाशाकडे तर विशेष लक्ष द्यायला हवे. दोन-तीन किलोमीटर जायचे असेल तर गाडीतला वेळ जेमतेम दहा मिनिटांचा, आणि त्यासाठी पंधरा मिनिटे थांबायचे म्हणजे वाट पाहणे हाच प्रवासाचा मोठा भाग होतो. किमान भाडे दुप्पट झाल्याची सर्वांत जास्त झळ याच माणसाला लागली आहे, आणि शेअर रिक्षा त्याच्यासमोरच उभी असते. तो गेला की प्रवासीसंख्या घटते, संख्या घटली म्हणून फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून त्याच्यानंतरचाही जातो.

थांब्यावरच्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो, कारण ती एक रुपया खर्च न करता सुधारता येते. नव्या गाड्यांच्या दर्शनी भागावर दिव्यांचे सरकते फलक असतात. गाडी शंभर पावलांवर असते तेव्हा त्यावर मराठीतून ठिकाणाचे नाव सरकत असते, मग तेच इंग्रजीतून सरकते, मग ‘मार्गे’ येतो, आणि क्रमांक दिसेपर्यंत गाडी थांब्याच्या पुढे गेलेली असते. मागे धावणारी वयस्कर माणसे वाहकाला “कुठं जाते हो ही?” असे ओरडून विचारत असतात आणि घाईत असलेला वाहक हाताने नाही अशी खूण करतो. क्रमांक डाव्या कोपऱ्यात कायम स्थिर ठेवायचा आणि बाकीचे काय ते सरकवायचे, एवढेच करायचे आहे. तसेच नव्या गाड्यांचा तळ ४०० मिलिमीटरवर आणला म्हणून जाहिरात होते, ती रास्तही आहे. पण थांब्यासमोर रिक्षा उभ्या असल्यामुळे गाडी रस्त्याच्या मधोमध थांबत असेल तर पदपथावरून उतरून, मग पुन्हा चढून जाणाऱ्या गुडघेदुखीच्या आजीला त्या ४०० मिलिमीटरचा काय उपयोग?

वातानुकूलन, आसनामागे मोबाइल चार्ज करायची सोय, आकर्षक रंग, याबद्दल माझी तक्रार नाही. उन्हाळ्यात गार गाडीने काही मोटारवाल्यांना बसकडे वळवले, हे मी ओळखीच्यांत पाहिले आहे. तरीही तेवढ्याच पैशांत एक गार गाडी की दोन साध्या, असे थांब्यावर उभ्या असलेल्यांना विचारले तर बहुसंख्यांचे उत्तर काय येईल याची मला खात्री आहे. प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न कधी दिसला नाही.

चालक-वाहकांविषयी लिहिले नाही तर अन्याय होईल. सेवा बिघडली की प्रवाशाचा राग त्याच्यासमोर उभ्या असलेल्या वाहकावर निघतो आणि सर्वेक्षणातही ‘कर्मचाऱ्यांचे वर्तन’ हा रकाना ठळक असतो. अर्धा तास उशिरा, दुप्पट भरून आलेल्या गाडीत शंभराच्या नोटा मोडून देणारा, कमी पगारावरचा कंत्राटी माणूस गोड बोलेल ही अपेक्षा करण्याआधी त्याची पाळी किती तासांची आहे आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला चहापाण्यापुरता तरी वेळ मिळतो का, हे विचारायला हवे. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या विजेवरील बसचा जो भीषण अपघात झाला, त्यानंतर अशा गाड्यांच्या चालकांच्या प्रशिक्षणाची चर्चा झाली. समाधानाच्या किती प्रश्नपत्रिकांत तेव्हापासून हा विषय आला, तेही पाहण्यासारखे आहे.

आपल्या दैनिकामार्फत संबंधितांना माझी विनंती एवढीच आहे की प्रत्येक परिवहन उपक्रमाने दर महिन्याला मार्गनिहाय आणि तासनिहाय सरासरी प्रतीक्षा, गाड्यांमधील सर्वांत मोठे अंतर आणि रद्द झालेल्या फेऱ्या संकेतस्थळावर आणि त्या-त्या थांब्यावर मराठीतून लावाव्यात. समाधानाचे सर्वेक्षण करायचे तर सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळांत थांब्यावर उभे राहून करावे, आणि थांबून-थांबून निघून जाणाऱ्यालाही गाठून विचारावे. यापुढे परिवहन प्राधिकरणापुढे भाडेवाढीचा प्रस्ताव मांडताना खर्चाच्या तक्त्यासोबत मागील बारा महिन्यांचे हे आकडे जोडणे बंधनकारक करावे, आणि ते जोडलेले नसतील तर प्रस्ताव परत पाठवावा.

आपला,
एक नियमित बसप्रवासी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)